फी भरण्याआधी पिग्मीची वही उघड

प्रिय ताई,

माझं वय २४. तासगावजवळच्या एका गावात राहते. बी.कॉम.नंतर कोल्हापूरला एमबीए (फायनान्स) केलं. गेलं दीड वर्ष सांगलीत एका फायनान्स कंपनीच्या शाखेत आहे. टू-व्हीलर लोनच्या फायली लॉगिन करायच्या, कागद गोळा करायचे, हप्ता बाउन्स झाला की फोन करायचे, हे माझं काम. वडील इथल्या पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात, शिवाय घरची दीड एकर द्राक्षबाग आहे. मला फिनटेकमध्ये (मोबाइल-इंटरनेटवरून पैशांचे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्यांत) जायचंय, पण कोडिंग येत नाही. एका ऑनलाइन संस्थेचा अकरा महिन्यांचा कोर्स आहे, फी २ लाख ८० हजार. बिनव्याजी हप्ते करून देतो म्हणतात. महिनाअखेरपर्यंत प्रवेश घेतला तर २५ हजारांची सूट आहे. वडील म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. पुण्यातली मैत्रीण म्हणते, फिनटेकमध्ये इंजिनिअरच लागतात, आपल्यासारख्यांना सेल्समध्ये टाकतात. माझं इंग्रजी बोलणंही अडखळतं. मी काय करू? नाव छापू नका.

— एक वाचक

नाव छापत नाही. तुला तासगावकर म्हणते, चालेल ना?

तुझ्या पत्रात कोर्सबद्दल चार ओळी आहेत आणि वडिलांच्या पिग्मीबद्दल अर्धी. मला वाटतं, प्रमाण उलटं हवं होतं. पिग्मी हा शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की तो आला कुठून, हे कुणी विचारत नाही. पुढे जी सिंडिकेट बँक झाली, त्या उडुपीच्या संस्थेने १९२८ साली ही योजना काढली. बँकेत पाऊल न टाकणाऱ्या माणसाच्या दारात रोज जायचं आणि थोडे थोडे पैसे खात्यात जमा करायचे. आज फिनटेकवाले हेच मोबाइलवरून करतात आणि त्याला नवं नाव देतात.

आता वडिलांची संध्याकाळ आठव. पिग्मीच्या नोंदींचं मशीन शाखेत खाली होतं, रोकड मोजून भरली जाते, खात्यांना रकमा चढतात. मशीन काय म्हणतं, खाती काय म्हणतात आणि हातात किती रोकड आहे, हे तिन्ही जुळलं की घरी. नाही जुळलं त्या दिवशी जेवायला उशीर. पेमेंट कंपन्यांत या तिहेरी जुळणीला रिकन्सिलिएशन म्हणतात, बोलताना नुसतं ‘रेको’. आपल्या भाषेत ताळमेळ. तुझ्या घरात तो तुझ्या जन्माआधीपासून चाललाय.

माझंही दार हेच होतं. १९९८ साली मी पुण्यातल्या एका सहकारी बँकेत क्लिअरिंगला, म्हणजे चेक वटवण्याच्या विभागात, लागले. चेकच्या गठ्ठ्यांची बेरीज जुळेपर्यंत उठायचं नाही, हा नियम. आमच्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी शिकवल्या. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय, ५४ चे ४५ लिहिलेत. फरकाला दोनने भाग आणि तेवढ्या रकमेची नोंद शोध, ती जमेऐवजी नावे (डेबिटला) पडली असेल. आणि बरोबर फरकाएवढीच नोंद सापडली, तर ती एकतर सुटलीय किंवा दोनदा पडलीय.

तेरा वर्षांनी मुंबईत एका पेमेंट कंपनीत गेले, तेव्हा भोवती सगळे इंजिनिअर. पहिले सहा महिने मी मान खाली घालून बसत असे. मग एका शुक्रवारी रात्री रिफंडची फाइल दोनदा चढली. अपलोड करताना एरर दिसला म्हणून मुलाने पुन्हा चढवली. पहिली खरं तर गेली होती. शनिवारी सकाळी इंजिनिअरांच्या पडद्यावर सगळं हिरवं. माझ्या शीटमध्ये मात्र एस्क्रो खात्यातली, म्हणजे लोकांचे पैसे वेगळे ठेवलेल्या खात्यातली, शिल्लक कमी. फरक काढला, तर बरोबर आदल्या रात्रीच्या रिफंडच्या बेरजेएवढा. बाईंचा तिसरा नियम. दुपारपर्यंत आम्ही बँकांना कळवलं. बरेचसे पैसे परत आले, काहींसाठी पुढे कित्येक महिने लोकांना फोन करावे लागले, आणि थोडे बुडालेच. पण त्या दिवसापासून माझ्या टेबलाकडे न विचारता कुणी फाइल चढवेना.

हे कौतुकासाठी सांगत नाही (थोडं कौतुकासाठीही असेल). तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं अर्धंच खरं का आहे, हे दाखवण्यासाठी सांगतेय. अॅप इंजिनिअर बांधतात. पैसा वाटेत अडकला, की तो कुठे आहे आणि कुणाचा आहे, हे हिशेब कळणाऱ्या माणसाला शोधावं लागतं. वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी त्या जागेवरून आत शिरावं, असं माझं मत आहे.

एक प्रश्न देते. अशा जागांच्या मुलाखतीत मी तो कायम विचारत आले. ग्राहकाने यूपीआयने दुकानदाराला ५०० रुपये पाठवले. ग्राहकाच्या खात्यातून कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. पैसे आत्ता कुठे आहेत?

बहुतेक उमेदवार म्हणतात, “सर्व्हर डाउन असेल.” हे उत्तर झालं नाही. वाट आखून बघ. ग्राहकाच्या अॅपमधून निरोप अॅपच्या बँकेकडे, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या स्विचकडे, म्हणजे निरोप योग्य बँकेकडे वळवणाऱ्या यंत्रणेकडे, जातो. स्विच ग्राहकाच्या बँकेला सांगतो, कापा. तिने कापले, हो म्हणाली. मग स्विच दुकानदाराच्या बँकेला सांगतो, जमा करा. इथे उत्तरच वेळेत आलं नाही. आता दोन शक्यता. त्या बँकेने जमा केलेत पण निरोप पोचला नाही, किंवा जमाच केले नाहीत. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पुढे बँकांचा आपापसातला हिशेब सेटलमेंटमध्ये मिटतो, आणि कुठल्या बाजूला रक्कम लोंबकळतेय, ते फाइल जुळवल्यावर कळतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला पाठवलेले असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. व्यक्तीला पाठवलेले असतील तर एका दिवसात. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. धर, हजारात एकच अडकला, तरी दोन कोटी. ते मिटवायला माणसं लागतात. सॉफ्टवेअर जुळणारे बाजूला काढतं, न जुळणारे तुझ्या पुढ्यात येतात.

स्विच आणि बँकेची मूळ प्रणाली यांचा ताळमेळ सुटला तर काय होतं, त्याचं उदाहरण पुण्यातच आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवस्थेत चोरट्यांनी खोटा स्विच उभा केला. क्लोन केलेल्या कार्डांवर देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघत होते आणि प्रत्येक मागणीला तो खोटा स्विच ‘मंजूर’ म्हणत होता. बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत विचारणा पोचतच नव्हती. सोमवारी स्विफ्टवरूनही, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-यंत्रणेवरूनही, रक्कम बाहेर गेली. एकूण साधारण ९४ कोटी. सहकारी बँकांत त्यानंतर ‘आपलं स्विच कोण बघतं’ हा प्रश्न गंभीरपणे विचारला जाऊ लागला. या बँकांना सॉफ्टवेअर आणि स्विच पुरवणाऱ्या कंपन्या पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना पतसंस्था, दैनिक वसुली, संचालक मंडळ हे शब्द समजावून न सांगता कळणारी माणसं हवी असतात. तू तिथली आहेस.

आता तुझं सध्याचं काम. पत्रात तू ते असं लिहिलंस, जणू त्यातून सुटका हवीय. मला त्यात तुझं भांडवल दिसतं. हप्ता पाच तारखेला, ई-नॅच (खात्यातून आपोआप होणारी हप्तेकपात) बाउन्स, ग्राहक बकेटमध्ये, म्हणजे थकबाकीदारांच्या यादीत. कंपनीच्या मॉडेलला एवढंच दिसतं. पण द्राक्षवाल्याचा पैसा ऑक्टोबर छाटणीला जातो आणि माल निघायला लागला की येतो. बेदाणा केला तर सौदा होईपर्यंत थांबायचं. तो माणूस बुडवणारा नाही, त्याचं कॅलेंडर वेगळं आहे. बंगळुरूत बसून कर्जाचं धोरण लिहिणाऱ्याला हे कुणीतरी सांगावं लागतं. २०२१ पासून अकाउंट अॅग्रिगेटरमार्फत ग्राहकाच्या संमतीने बँक स्टेटमेंट थेट मिळतं. ते मशीन वाचतं, पण वर्षातून दोनदा येणारी मोठी रक्कम हे उत्पन्न की उसनवारी, हे ठरवताना मशीन चुकतं. क्रेडिट रिस्क, अंडररायटिंग, क्रेडिट पॉलिसी, म्हणजे कर्ज कुणाला आणि किती द्यायचं ते ठरवणाऱ्या जागांना तुझं दीड वर्ष उपयोगी पडेल. फक्त ते आकड्यांत मांडता आलं पाहिजे. आजपासून वहीत टिपायला लाग. बाउन्स झालेल्या फायलींत शेतीवर चालणारी घरं किती, पगारदार किती, पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला अशी किती. नावं आणि फोन नंबर टिपू नकोस, ते कंपनीचे आणि ग्राहकाचे आहेत.

कोर्सबद्दल बोलते, आणि स्पष्ट बोलते. घेऊ नकोस.

पण ती ऑफर फेकूनही देऊ नकोस, कारण तोच तुझा पहिला धडा आहे, तोही फुकट. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे काय? तुझ्या नावावर कुठली तरी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) कर्ज काढणार आणि पैसे थेट संस्थेला जाणार. कोर्स आवडला नाही तरी हप्ता तुझा. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, व्याज प्रोसेसिंग फीच्या पोटात लपवलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. मग व्याज कोण भरतंय? संस्था भरत असेल, तर तिने ते फीमध्ये आधीच धरलंय. २५ हजारांची सूट कुठून येते, याचाही अंदाज येईल. २०२२ पासून डिजिटल कर्ज देणाऱ्याला करार करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. शिवाय ठरलेल्या मुदतीत, वापरलेल्या दिवसांचा खर्च देऊन, दंडाशिवाय बाहेर पडायची सोय (कूलिंग-ऑफ) असावी लागते. त्या सेल्सवाल्याला फोन कर आणि विचार: कर्ज देणारी संस्था कोणती, वार्षिक दर किती, कूलिंग-ऑफ किती दिवसांचा. उत्तरं लिहून घे. जो मुलगा तुला फिनटेक शिकवायला निघालाय, त्याला स्वतःच्या कर्जाची माहिती आहे का, ते कळेल.

शिकायला तर लागेलच. एसक्यूएल शीक. त्याला मी कोडिंग म्हणत नाही. दोन याद्या समोर ठेवून ‘या यादीतले त्या यादीत नसलेले दाखव’ असं विचारायची ती भाषा आहे. सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय इतकं पक्कं झालं की निम्मं काम होतं. रोज संध्याकाळी तासभर दिलास तर दोनेक महिन्यांत जमेल, सामग्री फुकट मिळते. एक्सेल तुला येतं असं धरते. पिव्होट आणि लुकअप झोपेतही आले पाहिजेत. पायथन नंतर. सोबत एखादी स्वस्त परीक्षा द्यायचीच असेल तर आयआयबीएफ या बँकिंग संस्थेची केवायसी-एएमएलची (ग्राहकाची ओळख पटवणं आणि काळा पैसा रोखणं) दे, बँकेत नसलेल्यांनाही देता येते. शेअर बाजाराकडे ओढा असेल तर एनआयएसएमच्या परीक्षा आहेत. सीएफए, एफआरएम वगैरे मोठ्या परीक्षा पगार सुरू झाल्यावर बघू.

आणि एक काम स्वतःचं असं कर. वडिलांकडे बस आणि विचार, मशीन आणि रोकड कोणकोणत्या कारणांनी जुळत नाही. ते सांगतील: एका माणसाने दोन दिवसांचे एकदम दिले, बॅटरी गेली म्हणून पावती हाताने फाडली, एकाच नावाची दोन खाती आहेत, कुणी उद्या देतो म्हणाला आणि नोंद आजच झाली. मग काल्पनिक नावांनी तीन शीट बनव, दोनशे ओळींच्या. त्यात ही सगळी कारणं पेर. एसक्यूएलने ती शोध. कोणता फरक का पडला आणि पुढे पडू नये म्हणून काय करता येईल, हे दोन पानांत लिही. माझ्याकडे अकरा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र आणि ही दोन पानं एकाच वेळी आली असती, तर मी कुणाला आधी फोन केला असता, ते तुला कळलंच असेल.

अर्ज कुठे करायचा? जाहिरातीत ‘फिनटेक’ शब्द शोधत बसू नकोस. रिकन्सिलिएशन, सेटलमेंट, डिस्प्यूट किंवा चार्जबॅक (ग्राहकाने तक्रार करून परत मागितलेले पैसे), क्रेडिट ऑपरेशन्स, एएमएल अॅनालिस्ट हे शब्द शोध. पुण्यात परदेशी बँकांची आणि कार्ड कंपन्यांची मोठी केंद्रं आहेत. शिस्त चांगली लागते, पण पाळ्या असतात आणि कामाचा तुकडाच दिसतो. मुंबईत रिझर्व्ह बँक, सेबी, एनपीसीआय सगळे जवळ, त्यामुळे नियमपालनाच्या जागा तिथे जास्त. लहान पेमेंट कंपनीत सगळं बघायला मिळतं आणि शनिवार-रविवार विसरावे लागतात. मी पहिल्या नोकरीसाठी लहान कंपनी निवडेन. तुझ्या घरी काय चालेल, ते तूच जाणतेस. टेलिकॉलिंगच्या नोकरीला ‘फिनटेक असोसिएट’ नाव देऊन बोलावतील, तेव्हा शांतपणे विचार: दिवसाला किती कॉल? आकडा सांगितला की निघून ये.

मुलाखतीत तूही दोन प्रश्न विचार. पहिला: कंपनी कमावते कशातून? १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. मग साउंडबॉक्सचं भाडं, दुकानदाराला कर्ज, विमा विकणं अशा वाटांनी पैसा येतो. समोरच्याला हे नीट सांगता आलं नाही, तर पगार गुंतवणूकदाराच्या खिशातून येतोय असं समज. दुसरा: परवाना कुणाचा? ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी आणि टॉप-अप घेणं थांबवायला सांगितलं, ते नियमपालनातल्या सततच्या त्रुटींमुळे. लोकांच्या मोबाइलवर अॅप होतंच. पण नुसत्या त्याने भागत नाही, नियम पाळावे लागतात. म्हणून कंप्लायन्सची (नियमपालनाची) जागा मिळाली तर कंटाळवाणी म्हणून सोडू नकोस. कंपनीचे शेअर देऊ म्हणाले तर आनंदाने घे, पण घरभाड्याचा हिशेब हातात येणाऱ्या पगारावरच कर.

रेकोच्या टेबलावर जन्म काढायचा नाही, हेही सांगते. दोन-अडीच वर्षं. तोवर पैसा कुठे अडतो हे पाठ होतं, मग रिस्क किंवा प्रॉडक्टकडे सरक. माझ्या हाताखालची दोन मुलं तशी गेली, दोघंही बी.कॉम. मीच जास्त थांबले. ती माझी चूक.

वडिलांना काय सांगायचं? त्यांना खोटं पाडू नकोस. प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला वयाची मर्यादा ३० आहे, तू २४ ची. दार बंद होत नाहीये. एक वर्ष मागून घे. मात्र त्या वर्षात परीक्षेचाही क्लास, एसक्यूएलही आणि नोकरीही असं करू नकोस, तिन्ही अर्धवट राहतील. आणि हातात ऑफर लेटर पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही.

इंग्रजीचं म्हणशील, तर माझंही अडखळायचं. वरचा ५०० रुपयांचा प्रश्न इंग्रजीत मोठ्याने सांग, मोबाइलवर रेकॉर्ड कर, ऐक, पुन्हा सांग. पंधरा दिवस. वाट ठाऊक असलेला माणूस तुटक इंग्रजीतही ऐकला जातो.

शेवटचं, मुलाखतींच्या तारखांबद्दल. ऑक्टोबर छाटणीच्या आठवड्यात मुंबईची तारीख घेऊ नकोस. दीड एकरात मजूर मिळाले नाहीत की घरातलीच माणसं लागतात, आणि त्या दिवसांत वडिलांशी वर्षभराच्या मुदतीची बोलणीही काढू नकोस. माल उतरला, पैसे हातात आले, की मग बोल.